दोन सेकंदांचा दम

सावळखेड्याच्या वीजकेंद्रात ज्योत विझली नव्हती. ती विझली असं यंत्राला वाटलं, आणि त्या वाटण्यापायी हर्षालीची आई गेली.

तेव्हा मे महिना होता. खानदेशात दुपारबंदी लागू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बारा ते चार या वेळात उघड्यावर काम करायला कुणालाच परवानगी नसे आणि लोक पंख्याखाली, कूलरपुढे, ज्यांना परवडत होतं ते एसीत बसून तेवढे तास काढत. पारा एकोणपन्नासच्या वर गेला की घराच्या भिंतींना आतूनही हात लावता येत नसे. त्या दुपारी विजेची मागणी इतकी चढली की तारांमधला विजेचा दाब क्षणभर खाली आला. तेवढ्यात सावळखेड्याचं टर्बाइन बंद पडलं. त्याचा भार शेजारच्या केंद्रावर गेला, तेही बंद पडलं आणि अर्धा जिल्हा संध्याकाळपर्यंत विजेविना राहिला. भुसावळच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आई एकटीच होती. शेजारच्या बाईंना ती सापडली तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झालेली होती. फरशी तेवढी जरा गार असेल असं तिला वाटलं असावं.

हर्षालीचा मोठा भाऊ हेमराज फेगडे त्या दिवशी त्याच केंद्रात पाळीप्रमुख होता. आईचं सगळं होईपर्यंत तो गप्प होता. पाहुणे पांगल्यावर मात्र तो बहिणीला गच्चीत घेऊन गेला. हर्षाली पुण्याला एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती, कारखान्यांना लागणारे वीजपुरवठ्याचे संच बनवायची. तिच्याशिवाय हे कुणाला कळलं नसतं.

"ज्योत जळत होती, हर्षाली," तो म्हणाला. "मी नंतर सगळ्या नोंदी पाहिल्या. ज्योत जळत होती आणि आम्ही मशीन बंद केलं."

घडलं होतं ते असं. गॅस टर्बाइनच्या पोटात ज्योत पेटती आहे की नाही हे माणसाला बाहेरून दिसत नाही. त्यात आता गॅसमध्ये हायड्रोजन मिसळू लागले होते, आणि हायड्रोजनची ज्योत उघड्यावरसुद्धा डोळ्याला जेमतेम दिसते. म्हणून ज्वलनकक्षाच्या भिंतीत एक विजेचा डोळा बसवलेला असतो. ज्योतीतून निघणारे अतिनील किरण तो पाहतो आणि 'आहे, आहे, आहे' असं सारखं कळवत राहतो. त्याचं कळवणं थांबलं की गॅसची झडप ताबडतोब बंद होते. व्हायलाच हवी. ज्योत नसताना गॅस येत राहिला तर तो पुढच्या तापलेल्या धूरबोगद्यात साचतो आणि भडकतो.

या डोळ्याला पाहण्यासाठी तीनशेहून जास्त व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो. तो करणारं मॉड्यूल जेवणाच्या डब्यापेक्षा मोठं नसतं. केंद्रातली माणसं त्याला नुसतं डबी म्हणत. डबीला वीज येई ती केंद्राच्या बॅटऱ्यांमधून, आणि असल्या उन्हाळ्यांनी त्या बॅटऱ्या केव्हाच अर्ध्यामुर्ध्या करून टाकल्या होत्या. बाहेर विजेचा दाब लचकला की त्यांचा आधार पुरत नसे, डबीही लचके, डोळा क्षणभर आंधळा होई. आंधळ्या झालेल्या डोळ्याला 'ज्योत नाही' आणि 'मला दिसत नाही' यांतला फरक सांगता येत नसे. दोन्हींचा अर्थ एकच धरला जाई आणि मशीन बंद होई.

हर्षाली पुण्याला परत गेली ती हाच विचार डोक्यात घेऊन.

पुढचं वर्षभर तिने दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. ज्योत स्थिर नसते, ती थरथरते, आणि प्रत्येक मशीनमधल्या ज्योतीची थरथर वेगळी असते हे आधीपासून माहीत होतं. डोळा किती प्रवाह ओढतो हे डबीला कळत असतंच. म्हणजे ज्योतीची लय तिच्यातूनच जात असते. हर्षालीने डबीला ती लय शिकवली. वीज लचकली आणि डोळा आंधळा झाला, तर डबी लगेच 'ज्योत नाही' म्हणणार नव्हती. आधीच्या क्षणापर्यंत लय नीट होती का हे ती पाहणार, आणि नीट असेल तर अर्धा सेकंद 'आहे' असं स्वतःच्या भरवशावर सांगणार. विझण्याआधी ज्योत अडखळते. ती अडखळली असेल तर डबी काहीच बोलणार नाही, झडप बंद होऊ देईल.

हेमराजने पहिली डबी सावळखेड्यात बसवून घेतली. त्याच्या माणसांनी तिला नाव दिलं, दम धरणारी डबी. त्या उन्हाळ्यात सावळखेड्याचं मशीन खोट्या इशाऱ्याने एकदाही बंद पडलं नाही. शेजारच्या केंद्रांनी डब्या मागवल्या, मग नागपूरकडच्यांनी. सरकारी तपासणी झाली, मंजुरी मिळाली.

हेमराजची बायको कांचन सावळखेड्याच्याच ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती आणि उन्हाळाभर उष्माघात कक्ष तिच्याकडे असे. तिने नणंदेला फोन करून सांगितलं की यंदा तिच्या कक्षात दोन खाटा रिकाम्या राहिल्या, आणि असं तिने आजवर पाहिलं नव्हतं. हर्षाली दिवाळीला आली तेव्हा कांचनने तिच्यासाठी वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या भाकरी केल्या, आणि ओवीला, आपल्या मुलीला, आत्याच्या शेजारी बसवून म्हणाली की मोठी होऊन हिच्यासारखी हो. हर्षालीने लग्न केलं नव्हतं, करायचा विचारही नव्हता. आई गेल्यावर तिचं घर म्हणजे हे तिघंच होते.

त्यानंतरचा उन्हाळा आणखी वाईट निघाला. मार्चमध्येच लाल इशारे सुरू झाले. विजेचे लचके आता लांबू लागले होते, एक सेकंद, कधी त्याहून थोडे जास्त. अर्ध्या सेकंदाचा दम पुरेना. धुळ्याकडचं एक केंद्र बंद पडलं आणि त्या दुपारी एका वृद्धाश्रमात नऊ माणसं दगावली. हेमराजने फोन केला. दम दोन सेकंदांपर्यंत वाढवता येईल का, एवढंच त्याने विचारलं.

हर्षालीने हिशेब केला. दोन सेकंद आंधळेपणाने गॅस सोडत राहणं ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यात वाईट व्हायचं तर वीज लचकलेली असताना, नेमक्या त्याच दोन सेकंदांत ज्योत खरोखर विझायला हवी. लचके किती येतात हे माहीत होतं. ज्योत किती वेळा विझते तेही माहीत होतं, फार क्वचित. दोन्ही एका वेळी येण्याची शक्यता तिने काढली तेव्हा ती हजारो वर्षांतून एकदा अशी आली. तिने तो हिशेब उघडपणे मांडला. तज्ज्ञांनी तपासला. कुणाला त्यात खोट दिसली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला राज्यातल्या अकरा केंद्रांमधल्या डब्यांचा दम दोन सेकंदांचा झाला.

महिना संपता संपता एका दुपारी कांचनचा फोन आला. तिचा आवाज कामावर असताना असतो तसाच होता.

"हर्षाली, ये तू. तुझ्या दादाला इथे आणलंय."

"कसा आहे?"

"ये," कांचन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

वाटेतच हर्षालीला सगळं कळलं. धूरबोगद्याचं एक झाकण उष्णतेने फुगून अडकलं होतं आणि हेमराज एका मदतनिसाला घेऊन ते मोकळं करायला गेला होता. तेवढ्यात वीज लचकली. डोळा आंधळा झाला. डबीने दम धरला. त्या दोन सेकंदांत ज्योत खरोखर विझली, आत आलेला गॅस बोगद्यात साचला आणि तापलेल्या पत्र्यांवर भडकला. बोगद्याची एक बाजू फाटली. मदतनीस दूर फेकला गेला, भाजला, पण वाचला. हेमराज झाकणापाशीच होता. त्याला रुग्णालयात आणलं तेव्हा कांचन दारातच उभी होती. कुणाला आणलंय हे तिला आधी कळलं नाही. कपडे कापायला सुरुवात केल्यावर कळलं.

चौकशी समिती नेमली गेली. निवृत्त मुख्य अभियंता दिवेकर तिचे अध्यक्ष होते, शांत आणि सरळ गृहस्थ. मशीनच्या नोंदी त्यांनी हर्षालीला पाहायला दिल्या, कारण त्या तिच्याइतक्या कुणाला वाचता येत नव्हत्या. भावाचं दहावं झाल्यावर ती त्या नोंदींपुढे बसली आणि पहिल्या तासाभरातच तिला कळून चुकलं.

टर्बाइनला गॅस नेहमी ठरावीक दाबाने लागतो. तो दाब वाढवणारा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याच तारांवरच्या विजेवर. दाब किंचित पडला तरी साधा गॅस तग धरतो. हायड्रोजन मिसळलेल्या गॅसची ज्योत लहरी असते, मागे सरकते, उसळते आणि तुटते. लांब लचका आला की कॉम्प्रेसर मंदावतो, गॅस कमी पडतो आणि ज्योत विझते. ज्योत विझण्याआधी अडखळतेच, पण तोवर डोळा आंधळा झालेला असतो. त्याला ते अडखळणं दिसायला कुठून?

हर्षालीने दोन शक्यता एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या गुणल्या होत्या. त्या एकाच मुळातून येत होत्या. लचका जितका लांब, तितकं ज्योत विझण्याचं भय जास्त, आणि दम तर तिने लांब लचक्यांसाठीच वाढवला होता.

तिने हे समितीपुढे जसंच्या तसं सांगितलं. मग दिवेकरांनी विचारलं की यावर उपाय काय.

उपाय होता. डबीला गॅसच्या दाबाचीही खबर द्यायची. वीज लचकली आणि गॅसचा दाबही पडला, तर दम धरायचा नाही. पण ते जोडणं, तपासणं, अकरा केंद्रांत बसवणं यांत सात-आठ महिने जाणार होते. तोवर डब्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. दम काढून टाकला तर या उन्हाळ्यात केंद्रं पुन्हा पटापट बंद पडणार. हवामानखात्याने पुढच्या आठवड्यात नवी लाट सांगितली होती. दम ठेवला तर सावळखेड्यात झालं ते आणखी कुठे होऊ शकत होतं. चालू मशीनच्या धूरबोगद्याजवळ माणसांना जाऊ द्यायचं नाही असा नियम त्याच दिवशी करण्यात आला, तरी काही ना काही अडकतं आणि कुणाला तरी जावंच लागतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"सही आमची असेल," दिवेकर म्हणाले. "पण मत तुमचं हवं. तुमच्यावर हे टाकणं बरोबर नाही, कळतं मला. दुसऱ्या कुणाला विचारू असं म्हणालात तर मी समजून घेईन."

हर्षालीने दोन दिवस मागितले आणि ती सावळखेड्याला गेली.

कांचन कामावर रुजू झाली होती. तिच्या जागी यायला कुणी नव्हतं आणि कक्ष भरलेला होता. ओवीला तिने आजोळी, यावलला पाठवलं होतं. संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले, चहा टाकला. हेमराजचे बूट अजून दारामागेच होते. हर्षाली ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. हिशेब कसा केला होता, काय धरलं होतं, कुठे चुकलं. सोपं करून सांगायला गेलं तर आपली चूक लहान होते असं तिला वाटलं, म्हणून तिने काहीच सोपं केलं नाही. चहा उतू जायला आला तेव्हा कांचनने गॅस बंद केला.

"म्हणजे त्याने मागितलं आणि तू दिलंस," शेवटी ती म्हणाली.

"हो. पण हिशेब माझा होता, वहिनी."

"तो त्या हिशेबात होता का गं? कुणीतरी बोगद्याशी उभं असेल, असं धरलं होतंस?"

"धरलं होतं. तो असेल असं नव्हतं धरलं."

कांचनने दोन कपांत चहा ओतला. एक हर्षालीपुढे सरकवला, दुसरा हातात धरून ती बसली. मग तिने विचारलं की आता समिती काय करणार आहे. हर्षालीने तेही सांगितलं. आपलं मत विचारलंय आणि अजून दिलेलं नाही, हे सांगितलं. तू म्हणशील तसं मी करीन, असं म्हणायला ती आली होती. पण कांचनच्या तोंडाकडे पाहिल्यावर तिने ते म्हटलं नाही. असं म्हणणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं उचलून तिच्या डोक्यावर ठेवणं होतं.

कांचनला ते न बोलताच कळलं असावं.

"मी कामावर गेले त्याच दिवशी आमच्याकडची वीज गेली," ती म्हणाली. "फार नाही, तार जळली होती, अर्ध्या तासात आली. तेवढ्यात एक बाळंतीण गेली. मी तिच्या अंगावर ओली चादर टाकत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मी काहीतरी करीन." ती थांबली. "काढू नकोस डब्या. काढल्यास तर ती सगळी माणसं दुपारी माझ्याच पुढ्यात येतील. मला नाही झेपणार."

हर्षाली रडू लागली. कांचन उठली नाही.

"पण तू आता इथे येऊ नकोस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "तुझं चुकलं असं मी कुणाला सांगणार नाही. ओवीलाही नाही. पण तू समोर आलीस की मला त्याचा शर्ट कापला ते आठवतं. मला काम करायचंय, हर्षाली. पोरीला वाढवायचंय. तू येऊ नकोस."

हर्षालीने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि शेवटच्या बसने ती निघाली. दुसऱ्या दिवशी तिने दिवेकरांना मत कळवलं. दम दोन सेकंदांचाच ठेवावा, आणि नवी डबी होईपर्यंत बोगद्यांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यातला धोका त्याला कळेल अशा भाषेत सांगावा.

लाट आली. वर्तमानपत्रांत डब्यांविरुद्ध बरंच छापून आलं, एकाने हर्षालीचा फोटोही छापला. कंपनीच्या दारात माणसं उभी राहून ओरडून गेली. तिच्या टेबलावर मात्र चालू असलेल्या दहा केंद्रांमधल्या नोंदी रोज येत होत्या. कुठे लचका आला, डबीने किती दम धरला, ज्योत होती की नव्हती. पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक ओळ श्वास रोखून वाचायची. त्या उन्हाळ्याच्या उरलेल्या दिवसांत डब्यांनी शेकडो वेळा दम धरला आणि एकदाही ज्योत विझलेली नव्हती. जे मेले नाहीत त्यांना आपण मरणार होतो हे कधी कळलं नाही. कळण्यासारखं काही घडलंच नव्हतं. हर्षालीला यातून समाधान मिळेल असं एक-दोघांना वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. तिने नकारार्थी मान हलवली. हेमराज गेला नसता तरी या नोंदी अशाच आल्या असत्या, एवढंच तिला दिसत होतं.

पाऊसकाळात ती नव्या डबीच्या मागे लागली. ओवीच्या वाढदिवसाला तिने भेट पाठवली. भेट परत आली नाही आणि फोनही आला नाही. दिवाळीत ती पुण्यातच राहिली.

नवी डबी फेब्रुवारीत मंजूर झाली. वीज आणि गॅस दोन्ही एकदम लचकले की ती गप्प बसायची, बाकी वेळी आधीसारखाच दम धरायची. पहिली सावळखेड्यात बसवायची असं ठरलं. धूरबोगदा दुरुस्त करून ते मशीन वर्षभराने पुन्हा पेटणार होतं. दिवेकरांनी मुद्दाम फोन करून सुचवलं की हर्षालीने आपल्या हाताखालच्या कुणाला तरी पाठवावं. ती म्हणाली की मीच जाईन.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने जुनी डबी काढली आणि नवी बसवली. केंद्राने हेमराजच्या नावाची पाटी लावायचं ठरवून कांचनला बोलावलं होतं, पण तिने येणार नाही असं कळवलं होतं. मशीन पेटलं. डोळ्याने 'आहे' म्हटलं. हेमराजच्या पाळीतले दोघेजण हर्षालीशी येऊन बोलले. त्यांनी तिला जेवायला थांबवून घेतलं. दुपारबंदी उठल्यावर ती निघाली.

जळगावची बस रुग्णालयासमोरच थांबते. दुसरा थांबा नव्हता, आणि थांब्याचं छप्पर मागच्या वावटळीत उडून गेलेलं होतं. चार वाजून गेले होते तरी ऊन पांढरं होतं. हर्षाली रुग्णालयाकडे पाठ करून उभी राहिली. थोड्या वेळाने तिला ते जमेना आणि ती वळली. उष्माघात कक्षाच्या खिडक्या उघड्या होत्या. आत पंखे चालू होते. कांचन एका खाटेशी वाकून सलाईनची नळी बघत होती. तिने मान वर केली आणि तिला रस्त्यापलीकडे हर्षाली दिसली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग कुणीतरी हाक मारली असावी, कांचन खिडकीतून दिसेनाशी झाली.

पाच-दहा मिनिटांनी रुग्णालयातल्या एक मावशी डोक्यावर पदर घेऊन रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या हातात स्टीलचा ग्लास होता. मीठ-साखरेचं पाणी होतं.

"सिस्टरनी दिलंय," मावशी म्हणाल्या. "उन्हात उभ्या राहू नका म्हणाल्या."

हर्षालीने ग्लास घेतला.

"आणखी काही म्हणाल्या का?"

"नाही. ग्लास तेवढा परत आण म्हणाल्या."

हर्षाली ते सगळं पाणी उभ्यानेच प्यायली आणि तिने ग्लास मावशींच्या हातात दिला. बस आली. रिकामीच होती. ती चढली आणि रुग्णालयाच्या बाजूची खिडकी सोडून पलीकडच्या खिडकीत जाऊन बसली.